एका वाक्याचा प्रवास : अपंगांचा हक्क आणि संकेतस्थळांचे दार

अपंग माणसाचा विषय निघाला की आपल्या समाजातील दयाबुद्धी जागी होते आणि तेवढ्यावरच थांबते. फळवाटप होते, तीनचाकी सायकली वाटल्या जातात, वाटणाऱ्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात येते. वाटणाऱ्याला पुण्य मिळते. घेणाऱ्याला हक्क मिळत नाही. दया ही देणाऱ्याच्या मर्जीवर चालते, हक्क तसा चालत नाही, हा फरक या नियतकालिकाच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. गरज आहे ती हा फरक एका नव्या क्षेत्राला लावून पाहण्याची. ते क्षेत्र म्हणजे इंटरनेटवरील संकेतस्थळे. आज शिष्यवृत्तीचा अर्ज, महाविद्यालयाचा प्रवेश, परीक्षेचे प्रवेशपत्र, बँकेचे खाते, शासनाचा निर्णय हे सारे संकेतस्थळाच्या दारातून मिळते. या दारातून अंध, बहिऱ्या किंवा हात न चालणाऱ्या माणसाला आत शिरता येते काय, आणि येत नसेल तर त्याला जबाबदार कोण, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा म्हणून बाजूला टाकता येणार नाही. या प्रश्नाला इतिहास आहे, आणि तो लढ्याचा इतिहास आहे.

शब्दाविषयी आधीच सांगितलेले बरे. २०१६ पासून शासनव्यवहारात 'दिव्यांग' हा शब्द रूढ करण्यात आला. अपंगांच्या अनेक संघटनांनी त्याला विरोध केला. दिव्यत्व बहाल केल्याने जिन्याशेजारी उतार बांधला जात नाही, असे त्यांचे म्हणणे होते. 'हरिजन' हे नाव ज्यांना बहाल करण्यात आले होते त्यांना हे म्हणणे लगेच उमजेल. म्हणून मी येथे 'अपंग' हाच साधा शब्द वापरतो.

१

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. अंध माणूस संगणक वापरूच शकत नाही, असे पुष्कळ सुशिक्षितांनाही वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. 'स्क्रीन रीडर' नावाची आज्ञावली पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवते, किंवा ब्रेलच्या टिंबांत बोटांखाली उमटवते. अंध माणूस माऊस हाती घेत नाही. तो कीबोर्डवरील कळांनी एका मथळ्यावरून दुसऱ्या मथळ्यावर, एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जातो. मात्र या आज्ञावलीला आधार लागतो तो मजकुराचा. चित्र असेल तर त्या चित्रात काय आहे ते शब्दांत त्याच्यामागे लिहून ठेवावे लागते. अर्जातल्या रिकाम्या चौकटीला 'नाव', 'जन्मतारीख' ही लेबले आतून जोडावी लागतात. ती नुसती शेजारी दिसून भागत नाही. बहिऱ्या माणसासाठी चित्रफितीखाली बोललेले शब्द उमटले पाहिजेत. कमी दिसणाऱ्यासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांत पुरेसा फरक हवा. ज्याचे हात थरथरतात त्याला प्रत्येक बटण कीबोर्डने दाबता आले पाहिजे आणि वेळ थोडा जास्त मिळाला पाहिजे.

बांधतानाच हे केले तर त्याला फार कष्ट पडत नाहीत. केले तर दार उघडे, नाही केले तर बंद. म्हणजे माणसाला बाहेर ठेवणारी गोष्ट त्याच्या शरीरात नाही, ती बांधणाऱ्याच्या निर्णयात आहे. माणसाने घातलेला अडसर निसर्गाच्या नावावर खपवण्याची युक्ती जुनी आहे. जातिव्यवस्थेने ती आपल्यावर दोन हजार वर्षे वापरली.

२

संकेतस्थळांच्या या लढ्याची सुरुवात संगणकापासून झालेली नाही. ती एका वाक्यापासून झाली. अमेरिकेत काळ्या जनतेच्या प्रदीर्घ संघर्षातून १९६४ चा नागरी हक्क कायदा आला. त्यातील एका कलमाचा आशय असा : शासनाच्या पैशावर चालणाऱ्या कोणत्याही कार्यक्रमातून वंश, वर्ण किंवा राष्ट्रीय मूळ या कारणावरून कोणालाही वगळता येणार नाही, त्याचे लाभ नाकारता येणार नाहीत, त्याच्याशी भेदभाव करता येणार नाही. १९७३ मध्ये अपंगांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला तेव्हा त्याच्या ५०४ व्या कलमात हेच वाक्य जवळजवळ जसेच्या तसे उतरवण्यात आले. वर्णाच्या जागी अपंगत्व आले. काळ्या माणसाने रक्त सांडून मिळवलेले वाक्य अपंग माणसाच्या हाती आले, ते असे.

पण वाक्य कायद्यात येणे आणि व्यवहारात येणे यांत अंतर असते. महाडचे उदाहरण आपल्यासमोर आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये संमत झाला. महाडच्या नगरपालिकेने त्याला अनुसरून चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागोमाग माणसे तळ्यावर चालत जाईपर्यंत ते पाणी ठरावातच राहिले. अमेरिकेतही तेच घडले. ५०४ व्या कलमाची अंमलबजावणी करणारे नियम चार वर्षे सहीवाचून पडून राहिले. खर्च फार येईल, अशी ओरड होती. कार्टर यांचे सरकार आल्यावर मंत्री जोसेफ कॅलिफानो यांनी नियमांचा फेरविचार सुरू केला. अपंगांसाठी वेगळी सोय पुरेशी मानण्याकडे त्या फेरविचाराचा कल आहे, हे अपंगांच्या संघटनांनी ओळखले. 'वेगळे पण समान' या नावाखाली काळ्या माणसाला दशकानुदशके काय मिळाले, हे त्या देशाला ठाऊक होते.

५ एप्रिल १९७७ रोजी अनेक शहरांत अपंगांनी शासकीय कार्यालयांत ठाण मांडले. इतरत्र ते लवकर संपले. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये शंभराहून अधिक माणसे आतच राहिली. त्यांच्यात चाकाच्या खुर्चीवरची माणसे होती, अंध होते, बहिरे होते. नेतृत्वात ज्युडिथ ह्यूमन होती. लहानपणीच पोलिओ झालेल्या या बाईला न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाने शिक्षिकेचा परवाना नाकारला होता आणि तिने १९७० मध्ये मंडळावर खटला भरून तो मिळवला होता. कार्यालयाचे टेलिफोन बंद करण्यात आले तेव्हा बहिऱ्या कार्यकर्त्यांनी खिडकीत उभे राहून हातांच्या खुणांनी बाहेरच्या साथीदारांशी संवाद चालू ठेवला. ज्यांना समाज मुके-बहिरे म्हणून हिणवतो, त्यांचीच भाषा त्या दिवशी कोणाला तोडता आली नाही.

आणि आत बसलेल्यांना रोज गरम जेवण कोणी पुरवले? ब्लॅक पँथर पक्षाने. त्यांचा कार्यकर्ता ब्रॅड लोमॅक्स हा स्वतः अपंग होता आणि आत बसलेला होता. १९७२ मध्ये मुंबईत आपल्या तरुणांनी ज्यांच्यावरून 'दलित पँथर' हे नाव घेतले, तेच हे पँथर. त्यांच्या बंदुकांची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली. त्यांनी अपंगांसाठी वाहून नेलेल्या जेवणाची फारशी झाली नाही. २८ एप्रिलला नियमांवर सही झाली आणि ३० एप्रिलला ती माणसे विजयी होऊन बाहेर पडली.

पुढे २६ जुलै १९९० रोजी अमेरिकेचा अपंगांविषयीचा व्यापक कायदा झाला. त्याआधी मार्चमध्ये अपंगांनी चाकाच्या खुर्च्या खाली ठेवून संसदेच्या पायऱ्या सरपटत चढून दाखवल्या होत्या. या कायद्याने केवळ शासकीयच नव्हे, तर दुकाने, उपाहारगृहे, नाट्यगृहे यांचीही दारे हक्काने उघडली. संकेतस्थळाचा मात्र त्यात उल्लेख नाही, कारण लोकांसाठी संकेतस्थळ म्हणून काही अजून नव्हतेच.

३

त्याच सुमारास स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी वेबची कल्पना मांडली होती. १९८९ चा प्रस्ताव, १९९१ मध्ये बाहेरच्या जगाला खुली झालेली पाने, आणि एप्रिल १९९३ मध्ये संस्थेने हे तंत्र सर्वांना विनामूल्य वापरू देण्याचा घेतलेला निर्णय, असा त्याचा क्रम आहे. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हे पहिले वेब मुख्यतः मजकुराचे होते. अक्षरे आणि दुवे एवढाच त्याचा संसार होता. म्हणजे अंध माणसाला ते जवळजवळ खुलेच होते.

त्या काळातल्या संगणकाचेही तसेच होते. डॉस प्रणालीचा काळा पडदा केवळ अक्षरांचा होता आणि तो वाचून दाखवणाऱ्या आज्ञावल्या तयार झाल्या होत्या. अपघातात दृष्टी गेलेल्या टेड हेंटर यांची 'जॉज' ही त्यांपैकीच, १९८९ ची. या आज्ञावल्यांच्या बळावर अंध माणसे कचेऱ्यांत नोकऱ्या करू लागली होती. पुढे पडद्यावर चित्रे, खिडक्या आणि माऊसचा बाण आला. डोळसांना संगणक सोपा झाला आणि तोच बदल अंधांच्या पायाखालची जमीन काढून घेऊ लागला. नवी यंत्रणा वाचू शकणारी 'जॉज' १९९५ मध्ये येईपर्यंत डोळसांची घोडदौड फार पुढे गेली होती. वेबवरही १९९३ मध्ये 'मोझेक' आला, पानातच चित्रे दिसू लागली, आणि बटणे, मथळे, नकाशे सारे चित्ररूप झाले. चित्रामागे शब्द लिहिण्याची सोय वेबच्या भाषेत होती. डिसेंबर १९९७ च्या आवृत्तीत तर ती सक्तीची झाली. तरी लिहिणाऱ्यांनी ते शब्द लिहिले नाहीत.

म्हणजे अपंग माणूस नंतर आला आणि त्याच्यासाठी वेगळी दारे पाडावी लागली, असा हा इतिहास नाही. दार आधी बरेचसे उघडे होते. विकासाच्या नावाखाली ते लावून घेण्यात आले.

बर्नर्स-ली यांनी स्थापन केलेल्या वेबच्या जागतिक मंडळाने १९९७ मध्ये सुगम्यतेसाठी स्वतंत्र उपक्रम सुरू केला आणि ५ मे १९९९ रोजी १४ मार्गदर्शक तत्त्वांची पहिली संहिता प्रसिद्ध केली. दुसरी आवृत्ती डिसेंबर २००८ ची. तिने सारा विषय चार कसोट्यांत बसवला : पानावरील गोष्ट जाणवली पाहिजे, चालवता आली पाहिजे, समजली पाहिजे, आणि निरनिराळ्या साधनांवर टिकली पाहिजे. २०१८ आणि २०२३ मध्ये तिच्यात भर पडली. पहिल्या संहितेतील एक मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. त्या काळी पुष्कळ संस्था मूळ पान तसेच ठेवून अंधांसाठी 'केवळ मजकूर' असे वेगळे पान काढत. मूळ पान रोज ताजे होई, वेगळे पान शिळे राही. संहितेने असे वेगळे पान शेवटचा उपाय म्हणूनच मान्य केले. गावच्या हॉटेलात बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेला आपला वेगळा कप ज्याने पाहिला आहे, त्याला हा मुद्दा तंत्राचा वाटणार नाही.

४

संहिता झाली, पण ती पाळण्याची सक्ती कोण करणार? येथे पुन्हा एका माणसाला उभे राहावे लागले. ऑस्ट्रेलियातील ब्रूस मॅग्वायर या अंध नागरिकाने १९९९ मध्ये तक्रार केली की सिडनी ऑलिंपिकचे संकेतस्थळ त्याला वाचता येत नाही. चित्रांमागे शब्द नव्हते, खेळांच्या यादीपर्यंत पोचता येत नव्हते, निकालांचे तक्ते कळत नव्हते. संयोजन समितीचा बचाव आपल्या परिचयाचा आहे : खर्च फार, वेळ फार. वीस लाखांहून अधिक डॉलर आणि एका माणसाचे वर्षभराचे काम लागेल, असे तिने सांगितले. मॅग्वायरच्या बाजूच्या तज्ज्ञांनी काम त्याहून पुष्कळ कमी असल्याचे दाखवले. मानवी हक्क आयोगाने २४ ऑगस्ट २००० रोजी निकाल दिला की हा बेकायदा भेदभाव आहे आणि १५ सप्टेंबरपर्यंत, म्हणजे स्पर्धेच्या उद्घाटनापर्यंत, दुरुस्ती करावी. समितीने निकाल पुरता पाळला नाही. नुकसानभरपाई म्हणून तिला २०,००० डॉलर द्यावे लागले. पण तोपर्यंत खेळ संपले होते.

अमेरिकेत २००६ मध्ये अंधांच्या राष्ट्रीय संघटनेने आणि बर्कलेच्या ब्रूस सेक्स्टन या विद्यार्थ्याने 'टार्गेट' या बड्या दुकानसाखळीवर खटला भरला. वाद असा होता की १९९० चा कायदा जागेला लागू होतो, संकेतस्थळ ही जागा आहे काय? दुकानाच्या सेवेशी संकेतस्थळ जोडलेले असेल तर कायदा त्यालाही लागू पडतो, असे न्यायालयाने प्राथमिक निर्णयात म्हटले. २००८ मध्ये कंपनीने ६० लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि संकेतस्थळ सुधारण्याचे मान्य केले.

याच वर्षांत आणखी एक घटना घडली, तिचे मोल मी खटल्यांहून कमी मानत नाही. बाजारातील स्क्रीन रीडर इतके महाग होते की ते गरीब अंधाच्या आवाक्यात नव्हते. २००६ मध्ये मायकेल करन या तरुण अंध ऑस्ट्रेलियनाने स्वतःच एक आज्ञावली लिहायला घेतली. जेम्स तेह हा दुसरा अंध तरुण त्याला येऊन मिळाला. 'एनव्हीडीए' या नावाची ती आज्ञावली कोणालाही फुकट घेता येते आणि आज मराठीही वाचते. पोटजातीप्रमाणे अपंगांतही श्रीमंत-गरीब असतात. गरीब अपंगाचा विचार श्रीमंत कंपनीने केला नाही, तो दोन अंध तरुणांनी केला.

५

आता आपल्या देशाकडे वळू. आपल्या संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाचे दुसरे कलम दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, रस्ते सर्वांना खुले करते. त्यात धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान ही कारणे आहेत, अपंगत्व नाही. १९९५ चा अपंगांविषयीचा कायदा आला, पण रस्ते, इमारती, वाहने सुगम करण्याची त्यातली जबाबदारी शासनाच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत राहून पार पाडायची होती. ज्या हक्कापुढे 'कुवतीप्रमाणे' असे लिहिले जाते तो हक्क उरत नाही.

२००७ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अपंगहक्कविषयक कराराला मान्यता दिली. त्यात इंटरनेटचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याला धरून २०१६ चा कायदा झाला. अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले आणि माहिती-तंत्रज्ञानाची सुगम्यता कायद्यात आली. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले, त्यांपैकी २९ लाखांहून अधिक महाराष्ट्रातले. ती नोंद जुन्या, आखूड यादीनुसार होती.

कायदा असूनही काय झाले? २०२१ च्या महासाथीत १८ ते ४४ वयोगटाला लस हवी तर आधी 'कोविन' संकेतस्थळावर नोंदणी करा, असे सांगण्यात आले. ३१ मे २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने नमूद केले की हे संकेतस्थळ अंधांना सुगम नाही. तेथील कॅप्चा ऐकण्याची सोय नाही. कॅप्चा म्हणजे यंत्र आणि माणूस यांत फरक करण्यासाठी विचारलेले वेडेवाकडे अक्षरचित्र. ते ओळखा आणि आपण माणूस असल्याचे सिद्ध करा, असा त्याचा अर्थ. अंध माणूस ते ओळखू शकत नाही, म्हणून यंत्राच्या दृष्टीने तो माणूस ठरत नाही. माणूस असल्याचा पुरावा दारातच मागितला जाणे म्हणजे काय, हे आपल्या साहित्याने गेली पन्नास-साठ वर्षे सांगितले आहे.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी या अंध याचिकाकर्त्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एक मूलभूत दोष दाखवला. कायदा सक्ती सांगतो आणि त्याखालचे नियम मात्र केवळ शिफारशी सांगतात; म्हणून तो नियम कायद्याशी विसंगत आहे, आणि तीन महिन्यांत बंधनकारक नियम करावेत, असा तो निकाल. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून यांच्या प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले. ॲसिडहल्ल्यात डोळे जायबंदी झालेल्या स्त्रीला बँकेच्या ओळखतपासणीत 'पापणी हलवा' असे सांगितले जाते. ती हलवू शकत नाही, म्हणून तिचे खाते उघडत नाही. संगणकीय सेवांपर्यंत पोचणे हा २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि २० निर्देश दिले. १९६४ चे वाक्य असे निराळ्या वाटेने, निराळ्या शब्दांत आपल्यापर्यंत येऊन पोचले.

पण चवदार तळ्याचा धडा विसरून चालणार नाही. अमेरिकेतील 'वेबएम' ही संस्था दरवर्षी दहा लाख संकेतस्थळांची पहिली पाने यंत्राने तपासते. २०२५ मध्ये त्यांपैकी ९४.८ टक्के पानांवर संहितेचा भंग सापडला. मी महाविद्यालयात शिकवतो. माझ्यासारखेच घरातले पहिले शिकणारे विद्यार्थी माझ्यासमोर असतात. त्यांतला जो अंध आहे, त्याला शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी तालुक्याच्या सायबर कॅफेत जावे लागते. तेथे तो आपला परवलीचा शब्द, मोबाइलवर आलेला आकडा, बँक खात्याचा क्रमांक परक्या माणसाला मोठ्याने सांगतो. कॅफेवाला भला असतो तेव्हा काम होते. म्हणजे हक्क पुन्हा भलेपणाच्या दारात जाऊन बसतो.

६

शेवटी आपल्या भाषेविषयी आणि आपल्या चळवळीविषयी. मराठीत हा प्रश्न दुहेरी आहे. देवनागरी अक्षरे युनिकोड संकेतात १९९१ पासूनच आहेत. तरी अनेक वर्षे आपल्याकडे मुद्रणासाठी जे फॉन्ट वापरले गेले, त्यांत डोळ्यांना दिसते ते 'समता' आणि संगणकाच्या पोटात असते ती रोमन अक्षरांची अर्थहीन ओळ. स्क्रीन रीडर ती ओळच वाचतो. दुसरी गोष्ट, कागदाचे छायाचित्र काढून त्याची पीडीएफ करायची आणि ती प्रसिद्ध झाली असे म्हणायचे, ही रीत. अशा पानावर अंध माणसाला काहीच ऐकू येत नाही. परिपत्रके अशी निघतात, अभ्याससाहित्य असे फिरते, आणि आपल्या चळवळीचे जुने अंक, भाषणे, पत्रकेही अशीच चित्ररूपाने जपली जात आहेत. ज्यांना शतकानुशतके अक्षर नाकारले गेले, त्यांचे वाङ्मय आपल्यातल्याच अंध मुलाला न वाचता यावे, हे आपल्याला मान्य आहे काय?

म्हणून करायचे ते आपल्या हातातले आहे. जुना मजकूर युनिकोडमध्ये आणावा. चित्र टाकले तर त्यात काय आहे ते शब्दांत लिहावे. चित्रफितीला मराठी शब्दपट्टी द्यावी. शिक्षकांनी टिपणांचे छायाचित्र न पाठवता टंकलेला मजकूर पाठवावा. विद्यार्थी संघटनांनी प्रवेश आणि शिष्यवृत्तीच्या मागण्यांत ही मागणी जोडावी, आणि शासनाच्या प्रत्येक नव्या संकेतस्थळाच्या वेळी विचारावे की ते उघडण्यापूर्वी अंध, बहिऱ्या आणि हात न चालणाऱ्या माणसांकडून वापरून पाहिले आहे काय. दार उघडे आहे की नाही हे आत बसलेल्याने सांगायचे नसते. ते बाहेर उभा असलेला सांगेल, आणि त्याचेच म्हणणे अखेरचे मानले पाहिजे.